कर्तरी प्रयोग

एकतीस वर्षं लघुलेखन करतेय.
सरकारी मराठी माझ्या बोटांना पाठ आहे.
तिच्यात सगळं आपोआप घडतं:
नस्ती सादर करण्यात येते,
त्रुटी काढण्यात येतात,
विलंब झाल्याचे निदर्शनास येते,
आणि दिलगिरीसुद्धा
व्यक्त करण्यात येते,
तोंड कुणाचंच दिसत नाही.

मंत्रालयासमोरची इमारत. सुनावणीची खोली.
त्या दिवशी अनुक्रमांक चार:
सगुणा भिकू खरटमल,
महापालिकेच्या प्रसूतिगृहातली निवृत्त आया,
राहणार कोरबा मिठागर, वडाळा.
सात वर्षं निवृत्तिवेतन नाही,
कारण सेवापुस्तकात कुणीतरी
खरटमलचं खरटमोल करून ठेवलेलं.
एक काना, एक मात्रा.

तिनं पिशवीतून पोचपावत्या काढल्या.
रबरबँड वितळून कागदाला चिकटलं होतं.
म्हणाली, "मी पोरांच्या पायाला चिठ्ठ्या बांधायचे.
आईचं नाव, वेळ, मुलगा की मुलगी.
रात्रीत नऊ-नऊ बाळं, लाइट गेलेली,
तरी एकाचंसुद्धा नाव कधी इकडचं तिकडं नाही."
माझी पेन्सिल थांबली. हा काही प्रकरणाचा भाग नव्हे.
उपलोकायुक्त बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या,
"हे घ्या."
मी घेतलं.

पालिकेतर्फे मेस्त्री नावाचे गृहस्थ उभे राहिले.
"प्रकरण पडताळणीसाठी पाठवण्यात आलं होतं."
"कुणी पाठवलं?"
"विभागानं, मॅडम."
"विभागाला सही करता येते?"

मग नोंदवही मागवली. जेवणाची वेळ टळून गेली.
मेस्त्री उभ्यानंच वाचत होते:
टेबल सहा, अकरा महिने.
टेबल नऊ, दोन वर्षं, मध्ये एक बदली.
परत टेबल सहा.
"टेबल नको," बाई म्हणाल्या, "माणूस सांगा."

त्यांनी पान मागं उलटलं.
दिघावकर.
कुमारी तांडेल, आता सौभाग्यवती झाल्या.
वाघधरे.
मग रुमालानं मान पुसली,
आणि वर्गात हजेरी द्यावी तशा आवाजात
म्हणाले, मेस्त्री. चौदा महिने.

पंखा तेवढा बोलत राहिला.
सगुणाबाई त्यांच्याकडं बघत होती, राग नव्हता,
वजनकाट्यावर बाळ ठेवून बघावं तसं.
"तुमचा जन्म कुठल्या दवाखान्यातला, साहेब?"
उत्तर आलं नाही.
हे मात्र मी घेतलं नाही.

खोटं कशाला सांगू, इथं कुणाला बेडी पडत नाही.
बाईंच्या हातात असते ती शिफारस,
आणि शिफारशींचे अहवाल विधिमंडळापुढं जातात,
त्यांची नाडी मीच बांधते;
काही परत दिसल्या तेव्हा
गाठ माझीच होती, तशीच्या तशी.
सगुणाबाईची थकबाकी पाच महिन्यांनी आली.
व्याजाचं अजून "विचाराधीन ठेवण्यात आले आहे."
तिसरं स्मरणपत्र परवाच टाईप केलं.

पण आदेशाच्या मसुद्याचं सांगायचं राहिलं.
सवयीनं मी लिहून गेले होते:
सदर प्रकरणी विलंब करण्यात आला.
बाईंनी शाईनं काट मारली,
वर लिहिलं: विलंब केला.
आणि त्याच्या अलीकडं, समासात मावेनात म्हणून तिरकी,
चार नावं.
मी पान पुन्हा टाईप केलं. दोनदा चुकले.
बोटं मागं मागं "ण्यात"कडं वळत होती.

प्रत न्यायला सगुणाबाई स्वतः आली.
वाचता बेताचंच येतं तिला.
ती चार नावं तिनं विचारलीसुद्धा नाहीत.
पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं,
ख, र, ट, एकेक अक्षर सरकवत
म-पाशी येऊन थांबली.
डोळ्यांजवळ कागद नेला.
वर काही नाही. पुढं काही नाही.
"बरोबर हाय," म्हणाली,
आणि पिशवीला गाठ मारली.