जरा

क्रॉलीच्या त्या शेडमध्ये रात्री दोनला विमान उडतं,
जमिनीला बोल्ट मारलेलं, हायड्रॉलिक पायांवर.
काचेबाहेर खोटं ग्लासगो, खोटा पाऊस,
खरा फक्त माझ्या तळव्यांना फुटलेला घाम.

कॅप्टन प्रॉसर. बावीस वर्षं नोकरी,
त्यांच्यापुढे माझं लॉगबुक म्हणजे बालवाडीची वही.
एक पिवळा दिवा लागला, चाकांचा बहुतेक,
आणि ते त्या दिव्यातच शिरले,
दारात उभं राहून किल्ली शोधणाऱ्या माणसासारखे.
वेग उतरत होता. एकशे एकतीस. अठ्ठावीस. चोवीस.
मला दिसत होतं.

मॉरीनने नंतर टेप लावली. चहा, कस्टर्ड क्रीमची बिस्किटं.
"ऐक," म्हणाली.
पंख्याची घरघर,
कुणाचा तरी श्वास, माझाच असावा.
अकरा सेकंद.
मग मी: "वेग जरा... कमी वाटतोय का?"
मग लाल पडदा, आणि गोठलेलं ग्लासगो.

"या अकरा सेकंदांत तू काय करत होतीस?"

काय सांगू, मॉरीन.
वाक्य शिवत होते.
तुमचं सोपं असतं, सगळ्यांना एकच 'यू';
माझ्या डोक्यात आधी अहो-जाहो उभं राहतं,
मग क्रियापद, त्याला अस्तर 'जरा'चं,
शेवटी प्रश्नचिन्हाची झालर, म्हणजे टोचणार नाही.
विट्याच्या घरी अण्णांची बेरीज चुकली
की आई म्हणायची, "पुन्हा एकदा बघता का?"
बेरीज वाट बघायची.
जमीन बघत नाही.

प्रॉसर बिस्किट मोडत बसले होते, खात नव्हते.
"मला ऐकूच आलं नाही," म्हणाले, "तू बोललीस तेसुद्धा.
पुढच्या वेळी नावाने हाक मार. गॅरेथ. ओरड."
मॉरीनने यातलं काही लिहून घेतलं नाही.

साडेसहाची बस. काचेवर धुकट थर.
मी ओठांतल्या ओठांत: गॅरेथ, वेग. गॅरेथ, वेग.
बेल दाबली होती. माझा स्टॉप आला,
ड्रायव्हर कुठेतरी लांब बघत होता, रात्रपाळीचा असेल,
स्टॉप मागे सरकू लागला.
एक, दोन,

"अहो, थांबा!"

मराठीत. अख्खी बस वळून बघायला लागली.
ब्रेक लागला.
ओल्या फुटपाथवर चार पावलं गेल्यावर लक्षात आलं,
'अहो' होतंच की त्यात.
'जरा' तेवढं राहून गेलं.