तीन बोटं

लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या दुकानावरच्या खोलीत
मी दात करतो.
माणूस माझ्यापर्यंत येत नाही, त्याचा साचा येतो,
प्लास्टरचा, चिठ्ठी चिकटवलेला:
नाव, वय, शेड नंबर, कधी पाहिजेत.
लग्नसराईत सगळ्यांनाच परवा पाहिजेत.

सत्तावीस वर्षं झाली.
आता साच्यावरून माणूस थोडाफार कळतो.
सुंदराबाई व्हटकरांच्या पुढच्या दाताला खाच होती.
चपलेच्या वेणीची वादी तिथं धरून
जन्मभर ओढत आल्या.
सगळे दात पडल्यावर त्यांनी विचारलं म्हणे,
"नव्यात वादी धरता ईल न्हवं?"
डॉक्टर हसले.
मी खाच करून दिली, चिठ्ठीत नसताना.

वडणग्याचे एक आण्णा, शुगरनं हिरड्या खचलेल्या.
मऊ खा म्हटलं की माना डोलवायचे
आणि घरी जाऊन कवळीनं ऊस सोलायचे.
दोन तुकडे पिशवीतून परत यायचे,
फटीत अजून चोयटी.
तीनदा जोडून दिली.
चौथ्यांदा पिशवी आली नाही.

मग माझा धाकटा भाऊ, निवास.
मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा,
गालात सकाळपासून मावा.
आधी तिखट झोंबायला लागलं.
कोल्हापुरात राहून हे कोण कबूल करणार?
वहिनीला म्हणायचा, चटणीच बदललीय तू.
मग जांभई अर्ध्यावर अडकायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं घाला, उभी, तीन.
दोन गेली.
पुढच्या दिवाळीला एक, तेही करंगळीशेजारचं.
साचा घ्यायचा ट्रेच आत जाईना.
माझ्या दातांनी अर्धं गाव भाकरी मोडत होतं
आणि माझा भाऊ केळं उभं चिरून
एकेक फाक दातांच्या फटीतून आत सरकवत होता.

पुढचं सगळं भराभर झालं.
गाठ. उजवा जबडा राहिला, डावा काढला.
तीस लाईट दिल्या.
आणि लाळ गेली.
लाळ म्हणजे थुंकायची गोष्ट असं आम्हाला वाटायचं.
ती गेल्यावर कळलं, भाकरीला चव तीच देते,
घासाला घसरायला वाट तीच देते.
मी दात करू शकतो.
लाळेची चिठ्ठी माझ्याकडं कुणी पाठवत नाही.

रविवारी पांढरा रस्सा फडक्यातून गाळायचा,
थंड करायचा, त्याला वाटीत द्यायचा.
मग आम्ही आतल्या खोलीत, दार लोटून.
नळी कुणी फोडायची नाही.
भाकरीचे पापुद्रे रश्शात बुडवून, गुपचूप.
भडंगाचा डबा वहिनीनं माळ्यावर टाकला.
पोरंसुद्धा ओठ मिटून खायला शिकली,
शाळेत बाईंनी कौतुक केलं.

एका रविवारी त्यानं स्टूल घेतलं,
माळ्यावरून डबा काढला, माझ्यापुढं आदळला.
त्याची अक्षरं आता निम्मी पोचतात,
बाकीची आपण भरायची:
"सुतक हाय व्हय घरात? खा की. वाजव."

मी मूठभर तोंडात टाकलं.
आधी लाज वाटली,
मग जरा जोरात.
तो डोळे मिटून बसला होता,
धड बाजूचा कान माझ्याकडं करून,
आणि उरलेला जबडा हळूहळू हलत होता, रिकामाच.

"शेंगदाणा," म्हणाला.
बरोबर.
"लसूण."
तेही बरोबर, तळलेली पाकळी होती.
वहिनी दारात येऊन थांबली, हातात उलथनं.
पुढं एक मोठा कडका आला.
"खोबरं!" तो म्हणाला, हसत,
जेवढं हसता येतं तेवढं.
म्हटलं, खोबरंच.

खोबरं नव्हतं.
माझी मागची दाढ होती.
बरेच दिवस ठणकतेय,
कुणाला बोललेलो नाही.