दार गरम आहे

साउथ शील्ड्स, दवाखान्याचा पहिला मजला.
तीन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा डबा,
जो रोहिदास तांडेल दर मंगळवारी
स्वतःपासून वीतभर लांब सरकवतो.

दुभाष्याला नियम असा:
'ते म्हणतात की' म्हणायचं नाही.
तो मी म्हणाला, की मीसुद्धा मी.
त्यामुळे गेले दोन महिने
एका जहाजाच्या इंजिनरूमचं दार
मीच लावते आहे, इंग्रजीत.

पहिल्यांदा आला तो ॲसिडिटीसाठी.
छातीत जळतं, झोप नाही, बाकी काही नाही.
बाकीचं सुलक्षणानं सांगितलं, पर्सचा पट्टा पिळत:
टोस्ट करपला की हे मागच्या अंगणात जाऊन उभे राहतात,
अनवाणी, जानेवारीत.
हॉटेलात यांना भिंतीकडची खुर्ची.
रात्री तीनला उठून घरातलं एकेक दार
हाताच्या पाठीनं चाचपतात,
पोराचा ताप बघावा तसं.
लेकीच्या केकवर मेणबत्त्या लावू दिल्या नाहीत.
आणि गुहागरहून सासूबाई फोनवर:
बाहेरचं आहे गं ते, नारळ उतरवून टाक.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मग एक नाव घेतलं, चार अक्षरांचं.
मी मराठी शोधलं. आघातोत्तर, म्हणाले, तणाव... विकार.
तो माझ्याकडे बघत राहिला
सरकारी पत्राकडे बघावं तसा.
मग म्हटलं, दुधानं तोंड पोळलं की—
'ताक फुंकून,' तो म्हणाला. पहिल्यांदाच हसला जरा.
'पण बाई, मी तर पाणीसुद्धा फुंकतोय.'

मॉरीनकडे उपचार सुरू झाले तेव्हा
हे तिला सांगायला पाच मिनिटं गेली.
ताक म्हणजे काय, तिथपासून.

डोळे मिटा, मॉरीन म्हणते. आत्ता घडतंय असं सांगा.
दार गरम आहे.
धूर खालून येतोय, चिकट.
चीफ ओरडतोय, सगळे वर आलेत, मोजलेत, ओढ हँडल!
मी ओढतो. आत गॅस सुटतो.
आगीचा श्वास कोंडतो तो, माणसाचाही.
मग जोसेलितो दिसत नाही.

जोसेलितो दिसत नाही, मी म्हणते.
माझा आवाज सपाट. पगार त्याचाच आहे.

पुन्हा, मॉरीन म्हणते. पुन्हा.
पाच नोव्हेंबरला गावभर फटाके, शेकोट्या.
त्या आठवड्यात तो आलाच नाही.
रात्रभर बाथरूममध्ये बसला होता, टब भरून,
असं पुढच्या मंगळवारी स्वतःच सांगितलं,
शाळा बुडवलेल्या पोरासारखं.

मोजणी कुणी केली होती?
चीफनं.
तुम्ही हँडल ओढलं नसतं तर?
बाहेर सीगल भांडत होते. बराच वेळ भांडले.
'सतरा जण,' तो म्हणाला.
हा आकडा त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होता.
त्या दारापाशी मात्र तो कधी पोचलाच नव्हता.

मग तिथं उभ्या असलेल्या माणसाला सांगा हे.

तो गप्प. मग खालच्या आवाजात, गावच्या बोलीत:
'रोह्या, मोजणी तुझी नव्हती रे.'
याचं मी भाषांतर केलं, पण
रोह्याचं झालं नाही. 'रे'चंही नाही.

काल डोळे उघडेच ठेवून म्हणाला, दार गरम होतं.
होतं.
मी सवयीनं 'आहे' म्हणणार होते,
जिभेवरच थांबवलं.
मॉरीननं मान वर केली नाही, पण तिचं पेन थांबलं.
अजून तीनला उठतोच तो. दारं मात्र
दोनच बघतो म्हणे, पुढचं आणि मागचं.

तो गेल्यावर मॉरीन माझ्याकडे वळली:
आणि तू कशी आहेस?
मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं,
हे कुणाला मराठीत सांगायचं म्हणून.