फ्रिजवरचा फोन

थंडर बेच्या लूथरन चर्चचं तळघर.
सोळा खुर्च्या, आम्ही अकरा जणी
आणि टेकले, रात्रपाळी करून थेट आलेला,
बूट काढून हीटरवर मोजे वाळवणारा.
बाहेर उणे एकतीस. सरोवर गोठून गप्प.

शिकवायला एला मॅकिनेन : चाळीस वर्षं नर्स,
गुडघा नवा, आवाज जुनाच.
फळ्यावर ती काहीच लिहीत नाही.
पिशवीतून एक लोकरी स्वेटर काढते,
टेबलावर अंथरते :
काय दिसतं?

मळका, कुणी म्हणतं.
बटणं एक घर चुकून लावलीत.
बाह्या फार लांब.
हा जुलैमध्येही घालत असतील का?

"मारलं असं लिहू नका," एला म्हणते,
"मारताना तुम्ही पाहिलेलं नाही.
लिहा : डावा दंड, चार बोटांएवढा डाग,
कडेनं पिवळा पडू लागलेला.
किती वाजले होते ते लिहा.
त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत,
'पडले' म्हणाल्या तर 'पडले'.
शहानिशा करणारी माणसं वेगळी आहेत.
तुम्ही फक्त कळवायचं. त्याच दिवशी."

मी उतरवून घेते. माझं अक्षर चांगलं आहे,
इलोइलोच्या शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालेलं.

टेकले विचारतो, आणि आपलं चुकलं तर?
"तर कुणी येईल, विचारपूस करेल, कॉफी पिऊन जाईल."
आणि बरोबर असलं तर?
एला स्वेटरची घडी घालू लागते.
बाह्या आत, मग पुन्हा आत.

"आता डोळे मिटा," ती म्हणते,
"तुम्ही रोज जाता त्या घरात या.
कुठली वस्तू जागची हलली आहे?"

मी आइनोच्या घरात शिरते.
खुर्ची तिथेच. रेडिओ तिथेच.
गोळ्यांचा डबा, वारांच्या खणांचा, तिथेच.
खुर्चीशेजारचं तिपाई,
त्यावरचा क्रोशाचा रुमाल,
रुमालावर फोनच्या चार पायांचे ठसे.

फोन फ्रिजवर आहे.
वायर नीट गुंडाळलेली.
आइनो अठ्ठ्याऐंशीची,
तिचा हात खांद्याच्या वर जात नाही.
हे मला माहीत आहे, तिचे केस मीच विंचरते.

"आत्या कुणालाही फोन लावत बसते,"
डेनिस हसत म्हणाला होता. मीही हसले.
भला माणूस. बर्फात रुतलेली माझी गाडी
त्यानं ढकलून दिलेली,
नाताळला गोठवलेले मासे दिलेले, वर्तमानपत्रात बांधून.
"आज बुधवार ना?" आइनो विचारायची,
"बुधवारी मार्केट्टा फोन करते, वासाहून."
कामात असेल, मी म्हणायचे
आणि उशी सारखी करायचे.

कान होता मला, डोळाही होता.
दोन्ही जोडून मी कानाडोळा केला.

खरं तर त्याहून वाईट.
दर शुक्रवारी मी फ्रिजवरची धूळ पुसते.
फोन उचलते, खालून पुसते,
रिसीव्हरही पुसते, जिथे तोंड येतं तिथे जास्त,
आणि परत ठेवते
वर. त्याच जागी.

एला सरावासाठी कोरे अर्ज वाटते.
"खोटी नावं घाला," म्हणते, "हा नुसता सराव."
'काय आढळलं' याला तीनच ओळींची जागा.
मी खरं नाव लिहिते. मग :

फोन फ्रिजवर, नोव्हेंबरपासून.
त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही.
मी तो दर आठवड्याला पुसला.

शेवटची ओळ खोडू का, विचारते.
एला चष्मा कपाळावर सरकवते,
अर्ज वाचते, पुन्हा वाचते.
राहू दे, म्हणते. आणि तारीख घाल.
आणि वरच्या मजल्यावर ऑफिसात फोन आहे,
टेबलावर.