दुसरं पान

इडवल,
तुझ्या खोकल्याशिवाय ही पहिलीच रात्र.
अकरा वर्षं त्याच्यावर एक कान ठेवून झोपले.
आता तो डोंगरापलीकडे आहे, नऊ मैलांवर,
चौथ्या वॉर्डात, खिडकीलगतच्या खाटेवर.
साडेतीनला उठले, सवयीनं,
तुझी कूस बदलायला.
गादीवर नुसती उशी होती.
तीच वळवली.

सकाळी डॉक्टर तुझ्या उजव्या कानात ओरडत होते,
तेही इंग्रजीत.
तू हसलास. ऐकू आलं नाही की हसतोस, तसं.
त्यांनी लिहिलं, रुग्ण गोंधळलेला.
मी म्हणाले, डाव्या कानानं ऐकतात ते,
आणि वेल्शमध्ये बोला,
इंग्रजी गेल्या हिवाळ्यातच निघून गेलं त्यांचं.
'तुम्ही कोण?'
बायको, म्हणाले.
खोटं नव्हतं,
पण समुद्राला ओलं म्हणावं, एवढंच.

मग ती डेलिथ आली, जांभळ्या गणवेशातली.
मागे झुकणारी एक खुर्ची ओढत आणली,
तिचं एक चाक कुरकुरत होतं.
टोस्ट आणला, कडा जळलेला.
विचारत गेली, लिहीत गेली:
गोळ्या कशातून? सफरचंदाच्या गरातून.
चिडले तर? मेंढ्या मोजायला लावा,
वीसच्या आत शांत होतात.
रात्री दिवा? हो, पण दाराबाहेर.
मला इतकं सगळं येतं
हे मलाच तिच्या अक्षरात दिसलं.

नंतर तिनं पान उलटलं.
'आता तुमचं सांगा, मॉरविद.'
माझं काय?
गुडघा. आणि ही डावी दाढ, दोन हिवाळे.
दाखवली नाही?
तुझ्यापाशी कोण बसलं असतं, तेवढा वेळ?
मी पर्समध्ये चष्मा शोधत राहिले.
तो डोळ्यांवरच होता.

गुरुवारी घरी सोडू म्हणतात.
'जमेल ना?' सगळे असंच विचारतात,
शेवटचा 'ना' आधीच हो म्हणून टाकतो.
डेलिथनं तो लावला नाही.
'जमेल का?' म्हणाली, आणि थांबली.
चहाची ढकलगाडी गेली, परत आली,
ती थांबूनच.

नाही, म्हणाले मी.
अजून नाही. कोणी रात्री यायला हवं. मला झोप हवी.
इडवल, हे मी तुझ्यासमोर म्हणाले,
तुझ्या डाव्या बाजूला उभी राहून.
तू ऐकलंस की नाही, माहीत नाही.
तिनं मान डोलवली आणि लिहून घेतलं,
गोळ्यांची वेळ लिहावी तसं.

पावणेचार झाले.
दाढ ठणकतेय. सोमवारी बघणार आहेत.
तिकडे कोणीतरी आता तुझी कूस बदलत असेल,
नसेलही. सकाळी विचारीन.
उशी भिंतीकडे तोंड करून आहे.
झोप तू.
मीही बघते, येते का.