कानियोची सळई

कानियोच्या नडगीतून काढलेली सळई
माझ्याकडे आली तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते.
पोतेंझाच्या इस्पितळात त्या वेळी
फरशी पुसणारं यंत्र जागं असतं, आणि मी.

सळईवर साय धरली होती,
पिवळट, हट्टी.
खरवडून भिंगाखाली घेतली तर आत अख्खी वस्ती:
भिंती, पाण्याचे पाट, तळघरं,
तळघरात झोपलेले काही, ज्यांना औषध शिवतच नाही.
सात अँटिबायोटिकं दारावरून परत गेली होती.
आठव्याने फक्त कानियोचा डावा कान नेला.

ते बोलतात एकमेकांशी.
एकेकटे असतात तोवर मूग गिळून बसतात.
संख्या भरली की याचा निरोप त्याला,
त्याचा पलीकडच्याला,
आणि मग सगळ्यांचं मिळून ठरतं:
आता विष.

जेरार्दा म्हातारी डोंगरावरून पानं आणायची,
चेस्टनटची, उशीच्या अभ्र्यात कोंबून.
तिची सासू ती उकळून त्या पाण्याने
खेचरांच्या पाठीवरच्या जखमा धुवायची.
नवऱ्याच्याही.
खेचरांच्या आधी.

अर्काच्या एकाहत्तर कुप्या केल्या आम्ही.
बावन्न नुसत्याच तपकिरी निघाल्या.
त्रेपन्नावी घातली त्या प्लेटवर
साय धरलीच नाही.

"मारतो का तो?" जेरार्दाने विचारलं.
नाही, म्हटलं, मरत एकही नाही.
फक्त एकमेकांचं ऐकू येईनासं होतं त्यांना.
ती बराच वेळ रिकाम्या अभ्र्याची घडी घालत राहिली.
"माझ्या दोन मुलांचं तसंच आहे," म्हणाली.
"अकरा वर्षं झाली. ऑलिव्हच्या बांधावरून.
दोघंही धडधाकट.
छप्पर मात्र कुणी शाकारलं नाही."

प्लेट म्हणजे पाय नव्हे, हे मला माहीत आहे.
कुपीपासून खाटेपर्यंत दहा वर्षं,
तीही वाट सापडली तर.

कानियो सळई मागायला आला.
नियमात बसत नव्हतं.
दोनदा वाफेतून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली,
आणि देता देता म्हटलं, पानांत काहीतरी सापडलंय.
त्याने उजवा कान पुढे केला.
मी पुन्हा सांगितलं, ओरडून,
जिन्यावरचे लोक वळून बघायला लागले.
"हं," तो म्हणाला. काठी सावरली.
गवंड्याचे हात. पायऱ्या मोजत उतरला.

जूनमध्ये त्याच्या परसात गेले होते.
सळई मातीत उभी, तिच्यावर घेवडा,
वर पोचून आता हवेत चाचपडणारा.
"गंजत नाही," कानियो म्हणाला.
"एवढं मात्र चांगलं घातलं होतंत."