हातचा

पगार पहाटेच झाला. फोन थरथरला,
हलमधल्या या घरात बाकी काही हललं नाही.
टेमीची रात्रपाळी संपायला अजून दोन तास.

मी वही उघडते.
फोनमध्ये अॅप आहे, रंगीत फोडी दाखवणारं,
भाडं निळं, जेवण नारिंगी,
पण मला उभी मांडणी लागते,
एकाखाली एक, आणि शेवटी पट्टीनं ओढलेली रेघ.

भाडं चारशे पंचवीस.
कर्जाचा हप्ता, पौंडांत निघतो
आणि इचलकरंजीच्या शाखेत रुपये होऊन उतरतो,
वाटेत थोडा झिजून.
बसचा पास. फोन.
वीज. ती इथे आधी विकत घ्यावी लागते.
कोपऱ्यावरच्या दुकानात किल्ली घेऊन जायचं,
दहा पौंडांचा उजेड भरून आणायचा
आणि मीटरच्या तोंडात किल्ली खुपसायची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ऐकत मोठी झाले.
नोव्हेंबरात पाय पसरतच नाहीत,
पोटाशी घेऊन झोपतात,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला सगळ्याला एकशे दहानं गुणायची.
कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी राहायची
आणि परत ठेवायची.
गुणाकार कधी थांबला, आठवत नाही.
एका संध्याकाळी पिवळं लेबल लावलेला पाव उचलला
आणि तो नुसता पाव होता, चाळीस पेन्सचा.

तर बेरीज.
अकरा पौंड चाळीस पेन्स कमी येतात.
खालून वर करते. वरून खाली.
तिसरीत कुंभोजकर बाई फळ्यावर हातचा लिहायच्या,
पुढच्या घराच्या डोक्यावर, एवढासा.
म्हणायच्या, तुम्ही याला विसरलात
तरी हा तुम्हाला विसरणार नाही.
हातचे सगळे जागेवर आहेत.
केस कापल्याचे नाहीत, ते टेमीनं कापले, तिरके आणि फुकट.
शर्वरीचा आहेर मागच्या महिन्यातला.
कोटाचे खिसे उलटे करते.
आतल्या खिशात वाळू,
नखात मावेल एवढी.

तो रविवार.
कुणाचा फोन आला नव्हता, मीही केला नव्हता.
विदर्नसीची बस, जाताना तीन, येताना तीन.
चिप्स पाच चाळीस, व्हिनेगर फुकट.
समुद्र गार झालेल्या चहासारखा, वर साय धरलेला.
एक म्हातारा कुत्र्याला हाका मारत होता
आणि कुत्र्याला काही घाई नव्हती.
दीड तास बसले. काही ठरवलं नाही.
परतीच्या बसमध्ये डोळा लागला,
या देशात आल्यापासून दुपारी पहिल्यांदा.

म्हणजे चोरी माझ्याच घरात, आणि मीच केलेली.
आता लिहू कुठे? प्रवास? जेवण?
‘किरकोळ’ लिहिलं, खोडलं.
बाबांच्या वहीत किरकोळचा रकाना होता,
कधी कधी किराण्याहून मोठा,
आणि आई त्याबद्दल काही विचारायची नाही.
मला तो आत्ता पहिल्यांदा नीट दिसला.

पुढचं पान घेते.
डिसेंबरच्या डोक्यावर, एवढंसं, लिहिते : समुद्र.

सातला टेमी आली, बूट काढता काढता वहीत डोकावली.
हे काय?
समुद्र, म्हटलं. अकरा चाळीस.
ती हसली नाही.
बावीस ऐंशी कर, म्हणाली, अर्धे माझे.
आणि जिन्यावरूनच ओरडली, चिप्स मोठ्या घ्यायच्या!

विजेतून दोन काढलेत.
उरलेले नऊ चाळीस कुठून, अजून माहीत नाही.
तिच्यासाठी किटली लावते.
मीटरवरचे पेन्स उतरू लागतात.